चाल व माय, मंचुरियन खाऊ!

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं खाणं म्हटलं की लोकांना पहिली आठवते ती शेगावची कचोरी. मुंबई-हावडा मार्गावरचा प्रवासी शेगावला उतरो न उतरो, खिडकीतून हात बाहेर काढून कचोरी घेणारच! त्या कचोरीबद्दल मला पुरेपूर आदर आहे. घरी पाहुणे आले की मीही तीच मागवते. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, माझा जीव अडकलाय तो मंचुरियनमध्ये. हो, तेच ते. पत्ताकोबीचे तळलेले गोळे, वरून सोया सॉसची काळसर रस्सा-भाजी, त्यावर पातीचा कांदा. आमच्या सासूबाई त्याला ‘लाल गोयाची भाजी’ म्हणायच्या आणि नाक मुरडत मुरडत शेवटचे दोन गोळे स्वतःकडे ओढायच्या.

मंचुरियन मी पहिल्यांदा खाल्लं ते १९९९ साली. मेहकरहून आम्ही मुली अमरावती विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला गेलो होतो. लोकनृत्य संपलं, पोटात कावळे ओरडत होते, आणि गेटबाहेर एक हातगाडी लागलेली. कढईखाली भट्टी अशी फुरफुरत होती की आम्ही दोन पावलं मागेच सरकलो. दहा रुपयांत हाफ प्लेट आली. चार जणींत आठ गोळे. त्या आंबट-तिखट-खारट चवीने असा काही ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि लगेच दुसरी प्लेट सांगितली! घरी कळण्याची भाकरी, ठेचा, झुणका खाऊन वाढलेली मी. तिखटाला घाबरणारी नव्हते. पण हे तिखट निराळंच होतं.

तेव्हापासून जिथे जाईन तिथे मी मंचुरियनची चौकशी करते. कुणी देवळं बघतं, कुणी साड्या. माझं आपलं हे असं.

सगळ्यात जास्त खाल्लं असेल तर डोंबिवलीला, नणंदेकडे. संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला स्टेशनबाहेर उभं राहावं आणि बघत राहावं. लोकलमधून बायकांचा लोंढा उतरतो. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, केसांतला गजरा सुकलेला. त्यातल्या दोघी-तिघी हमखास गाडीपाशी थांबतात. ‘भैया, एक चायनीज भेळ, तिखा कम.’ कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, बारीक चिरलेला पत्ताकोबी, ढोबळी मिरची, शेजवान चटणी, सगळं एका पातेल्यात खडखड हलवून कागदी प्लेटीत. बाई उभ्या उभ्या खाते, तोंड पुसते, पैसे देते आणि घरी जाऊन कुकर लावते. पाच मिनिटांचा कार्यक्रम! मला त्या भेळेपेक्षा त्या पाच मिनिटांचं जास्त अप्रूप वाटलं. एकटी बाई रस्त्यावर उभी राहून खाते आहे आणि कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नणंदेला म्हटलं तर ती हसली, ‘वहिनी, इथे बघायला वेळ कुणाला आहे?’

नागपूरला बहीण आहे. तिथल्या गाडीवाल्याचा हात भारीच तिखट. नागपूरकर मंचुरियनलाही सावजीसारखंच वागवतात, तर्री हवीच! रस्सा संपला की ‘भाऊ, थोडं अजून टाका न’ म्हणून प्लेट पुढे करायची पद्धत मी तिथेच पाहिली. पुण्याला पुतण्या शिकायला होता तेव्हा त्याने फर्ग्युसन रस्त्याच्या बाजूला कुठेतरी ‘ट्रिपल राइस’ खायला घातला. भात, नूडल्स आणि वर रस्सा. एका ताटलीत दोघांचं जेवण. पुतण्या म्हणे, ‘काकू, महिनाअखेरीला आम्ही चौघं यावर भागवतो.’ चव काही लक्षात नाही राहिली, पण वाक्य राहिलं.

आता यातली गंमत अशी की चीनमध्ये जाऊन कुणी मंचुरियन मागितलं तर त्यांना ते कळणारच नाही. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, पण तिथे असा पदार्थ नाही. हा पदार्थ जन्मला मुंबईत. नेल्सन वांग नावाचे चिनी वंशाचे आचारी, जन्म कोलकात्याचा. १९७४ साली नशीब काढायला मुंबईला आले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक बघत असताना, १९७५ साली, कुणा गिऱ्हाइकाने ‘रोजचं नको, नवीन काहीतरी द्या’ असा हट्ट धरला. त्यांनी काय केलं? आपण जशी फोडणी करतो तसं आलं, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून परतली, पण गरम मसाल्याऐवजी त्यात सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लोअर लावून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात सोडले आणि रस्सा कॉर्नफ्लोअरनेच दाट केला. झालं मंचुरियन! पुढे आपल्या शाकाहारी लोकांनी कोंबडीच्या जागी पत्ताकोबी आणि फुलकोबी बसवली, आणि ते गावोगाव गेलं.

म्हणजे बघा, सगळा उद्योग आपल्यासारखाच. घरात जे आहे त्यात, आयत्या वेळी, समोरच्याचं समाधान! आपण बायका रोज हेच करतो, फक्त आपल्या पदार्थाला नाव कुणी देत नाही.

वांग कोलकात्याहून मुंबईला आले. हावड्याहून नागपूरमार्गे येणारी मुंबईची गाडी तर आमच्या शेगाव, नांदुरा, मलकापूरवरूनच जाते. ते त्याच गाडीने आले असतील असं मी म्हणत नाही. पण चायनीज खाणं आपल्या देशात जन्मलं कोलकात्याला, मोठं झालं मुंबईला, आणि आम्ही बसलोय बरोबर मधल्या रुळांवर, या विचाराची मला मौज वाटते.

काही वर्षांपूर्वी महिला संघटनांच्या एका बैठकीसाठी कोलकात्याला जायचा योग आला. बरोबरच्या बायका म्हणाल्या, ‘कालीघाट, बेलूर मठ करू.’ मी म्हटलं, ‘ते तर करूच, पण मला टांगरा दाखवा!’ टांगरा ही तिथली चिनी वस्ती. अठराव्या शतकाच्या शेवटी एक चिनी व्यापारी तिथे आला, त्याने हुगळीच्या काठी साखरेचा कारखाना काढला, त्याच्यावरून त्या गावाचं नाव अचिपूर पडलं. मग सुतार आले, चांभारकाम करणारे आले, दातांचे डॉक्टर आले. त्यातले हक्का समाजाचे लोक चामडं कमावण्याच्या धंद्यात शिरले आणि टांगऱ्याला वसले. आपण ‘हक्का नूडल्स’ म्हणतो ना, ते हक्का म्हणजे नूडल्सचा प्रकार नाही, माणसांच्या समाजाचं नाव आहे. मला स्वतःला हे तिथे गेल्यावर कळलं तेव्हा मी चाटच पडले.

या लोकांनी सोसलंही खूप. १९६२ च्या युद्धात सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात म्हातारेकोतारे होते, लेकुरवाळ्या बाया होत्या. कित्येकांचा जन्म भारतातला, चीन पाहिलेलाही नाही. काही जण वर्षानुवर्षं तिथे राहिले. सुटून आले तर घरदार, दुकान दुसऱ्याच्या ताब्यात. पुष्कळ जण मग कॅनडाला वगैरे निघून गेले. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं, तेव्हा टांगऱ्यातल्या अनेक घरांना चुलीनेच तारलं. कारखान्यांच्या जागी खाणावळी आल्या. घरातल्या बायकांचा हात त्यात किती असेल हे मी सांगायला नको.

टांगऱ्यात कालीमातेचं एक देऊळ आहे, त्याला चिनी काली मंदिरच म्हणतात. तिथे नैवेद्याला नूडल्स असतात! मी हात जोडले आणि मनात म्हटलं, आई, तुझी आणि माझी आवड एक झाली. सकाळी टिरेटा बाजारला गेले, तिथे भल्या पहाटे चिनी न्याहारीचा बाजार भरतो. पण मी पडले शाकाहारी, तिथे बहुतेक सगळं डुकराचं नाही तर मासळीचं. वास घेऊन परत आले. दुपारी डेकर्स लेनमध्ये कचेरीतल्या बाबूंच्या गर्दीत उभं राहून साधा व्हेज चाउमिन खाल्ला. आपल्याकडच्यासारखा लालभडक नाही, पांढुरकाच. वर काकडी-कांदा. अगदी सात्त्विक! मला आपलं तिखटच बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

तिखटावरून आठवलं. शेजवान म्हणजे चीनमधला सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणात एक झणझणीत, जीभ बधिर करणारं बारीक फळ असतं, ते आपल्या कोकणातल्या तिरफळाचं सख्खं भावंड. मुंबईत ताज हॉटेलने १९७३ साली आपल्या उपाहारगृहात सिचुआनी पदार्थ आणले असं सांगतात. पण गाडीवरच्या शेजवान चटणीत ते फळ औषधालाही नसतं. लाल मिरची भिजवून वाटलेली, भरपूर लसूण, तेल, थोडं व्हिनेगर, मीठ-साखर. अहो, हा तर आपला लाल मिरचीचा ठेचा! व्हिनेगर सोडलं तर माझी आजी हेच पाट्यावर वाटायची.

आणि सोया सॉस? सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने आंबवून खरा सोया सॉस होतो. आमच्या चिखली, मेहकर, खामगावकडे खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात त्याहून कितीतरी कमी दराने माल गेला, घराघरांत त्याचं रडगाणं ऐकलं. आणि त्याच सोयाबीनच्या नावाने विकली जाणारी बाटली मात्र आम्ही किराणा दुकानातून बाहेरून आलेली घेतो. ज्यांच्या शेतात पिकतं त्यांच्याच घरात लोक विचारतात, ‘सोया सॉस म्हणजे कायचा असते व?’ असो. हा विषय निघाला की माझं मंचुरियन थंड होतं.

आता मुद्द्यावर येते. मुंबईत, नागपुरात, कोलकात्यात मी रस्त्यावर उभी राहून खाल्लं. पण माझ्या स्वतःच्या गावात, जिथे मी पंचवीस वर्षं नांदतेय, तिथे कित्येक वर्षं एकदाही नाही. नेहमी पार्सल. तेही मुलाला पाठवून.

कारण तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्या तालुक्याच्या गावांतल्या चायनीजच्या गाड्या कुठे लागतात? दारूच्या दुकानापासून वीस पावलांवर. अंधार पडला की हिरवा नाही तर निळा कपडा तिन्ही बाजूंनी लावतात, आत दोन बाकडी, स्टीलचे गिलास. मंचुरियन हे तिथे जेवण नसतंच, ‘चकणा’ असतं. आत काय चाललंय ते सगळ्या गावाला माहीत. बाई तिथून जाताना पदर सावरून पावलं झपाझप टाकते. खायला थांबणं तर दूरच. ज्या पदार्थाची लहान पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना गोडी, तो गावात मिळतो, पण बाईच्या जातीला उभं राहून खाता येत नाही!

आमच्या ओळखीतली एक मुलगी, बारावीची. शिकवणी सुटल्यावर मैत्रिणीबरोबर गाडीपाशी थांबली, तेही दिवसाउजेडी, सहाच्या आत. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि वडिलांना दाखवला. पुढचे आठ दिवस तिची शिकवणी बंद. तिची आई माझ्याकडे आली होती, डोळ्यांत पाणी. ‘ताई, तिनं काय पाप केलं? वीस रुपयाचं मंचुरियन खाल्लं.’ मी वडिलांशी बोलले. ते वाईट नाहीत. म्हणाले, ‘मले पोरीवर इश्वास आहे, पन त्या जागेवर नाही.’ यावर काय बोलणार? जागा खरंच तशी होती.

हे माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी तो विषय काढला. पापड, लोणची, कुरड्या सगळ्यांच करतात, खपायची मारामार. गटातल्या एक ताई नवऱ्याने टाकलेल्या, दोन लेकरं पदरी, एका हॉटेलात भांडी घासायला जायच्या. तिथल्या नेपाळी पोराचं बघून बघून सगळं शिकल्या होत्या, पण कुणाला बोलल्या नव्हत्या. बैठकीत एकदम म्हणाल्या, ‘मले येते मंचुरियन.’ सगळ्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या गॅसवर करून दाखवलं. हसणं बंद झालं!

चौघी तयार झाल्या, गटाच्या पैशातून जुनी हातगाडी घेतली. अन्न सुरक्षेची नोंदणी केली, लहान विक्रेत्याला वर्षाला शंभर रुपये फी पडली. जागा मात्र मिळता मिळेना. शेवटी एका शाळेच्या पुढे, कॉलेजच्या वाटेवर, औषधाच्या दुकानाशेजारी जागा मिळाली. दुकानदार भला माणूस, रात्री नऊपर्यंत त्याचा दिवा आमच्यावर पडतो. २०१९ च्या दिवाळीनंतर गाडी सुरू झाली, आणि पाचव्या महिन्यात टाळेबंदी! गाडी अंगणात उलटी पडून राहिली, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. २०२१ च्या शेवटी चौघींपैकी तिघी परत उभ्या राहिल्या. चौथीच्या घरच्यांनी नाही म्हटलं.

वेळ ठरवली दुपारी चार ते रात्री आठ. कपडा लावायचा नाही, चारही बाजूंनी उघडं. आणि रंग घालायचा नाही.

या रंगावरून आमच्यात केवढा वाद झाला! गाडीवरचं मंचुरियन लाल दिसतं ते मिरचीने नाही, रंगाने. कर्नाटकात २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने फुलकोबीच्या मंचुरियनमध्ये आणि म्हातारीच्या कापसात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासायला घेतलेल्या मंचुरियनच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत घातक रंग सापडले होते. म्हातारीच्या कापसात सापडलेला एक रंग तर रोडामाइन-बी, कापड रंगवायचा! गोव्यात म्हापशाला त्याच वर्षी जानेवारीत नगरपालिकेने मंचुरियनच्या गाड्यांवरच बंदी आणली. ते मला पटलं नाही. पदार्थाचा काय दोष? रंग बंद करा, तेल तपासा, गाडीवाल्याला शिकवा.

अजिनोमोटोचंही तसंच. आपल्याकडे त्याचं नाव घेतलं की बाया विष ऐकल्यासारखं करतात. १९०८ साली जपानमधल्या इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव शोधून काढली. टोमॅटोतही ती नैसर्गिक असते. १९६८ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांच्या पत्रावरून ‘चायनीज खाल्ल्याने मान आखडते’ अशी हवा उठली. पुढच्या तपासण्यांत, साधारण जेवणातल्या प्रमाणाने तसं होतं याचा भक्कम पुरावा काही मिळाला नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र देऊ नये, पाकिटावर तशी सूचना असते. मला विचाराल तर पुड्यातल्या त्या पांढऱ्या कणांपेक्षा कढईतलं काळं तेल जास्त भीतीचं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक द्रव्यं साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून त्याला मर्यादा घातली आहे, पण कढईपाशी उभं राहून कोण मोजतंय? आमच्या ताई उरलेलं तळणाचं तेल दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत. सुरुवातीला त्यांना फार जड गेलं ते. गरिबीत वाढलेली बाई तेल फेकते तेव्हा तिचा हात थरथरतो, मी पाहिलंय.

रंगाऐवजी बेडगी मिरची भिजवून वाटायची असं ठरलं. रंग येतो, पण विटकरी, भडक नाही. पहिल्याच आठवड्यात एक पोरगा म्हणाला, ‘मावशी, हे लाल काऊन नाही?’ ताई झाऱ्याने गोळे हलवत म्हणाल्या, ‘लाल पायजे त कुंकू लावून देऊ काय?’ गाडीपाशी जो हशा पिकला! तो पोरगा आता रोजचं गिऱ्हाईक आहे.

एकदा संध्याकाळी दोघं आले, एकाच्या खिशातून बाटलीची मान दिसत होती. ‘मावशी, दोन गिलास द्या न.’ ताईंनी वर न बघता सांगितलं, ‘गिलास नाही भेटत इथं. पानी पेयाचं असन त ओंजय करा.’ ते म्हणाले, ‘आमी पैसे देऊ न!’ तर दुसऱ्या वहिनी, एरवी ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्या पुढे झाल्या. ‘पैसे मंचुरियनचे घेतो आमी, जागेचे नाही.’ औषधाच्या दुकानातले भाऊही पायरीवर येऊन उभे राहिले. ते दोघं प्लेट न घेताच गेले. पुन्हा दोनदा आले, मग यायचे बंद झाले. सोपं नव्हतं हे. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही बाया आळीपाळीने संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो, स्वेटर विणत. माझा अर्धा स्वेटर तिथेच झाला, आणि मंचुरियन किती झालं ते विचारू नका!

हिशेब सांगते, कारण बचत गटाच्या बायका तोच आधी विचारतात. पत्ताकोबी, मैदा, कॉर्नफ्लोअर, तेल, गॅस, सॉस सगळं धरून दिवसाला जेवढं लागतं, ते काढून तिघींना मिळून सातशे ते हजार रुपये सुटतात. पावसाळ्यात निम्मे. परीक्षेच्या दिवसांत मुली येत नाहीत, तेव्हाही कमीच. गुरुवारी तर गाडीच बंद, आमच्या भागात गजानन महाराजांचा वार, अर्धं गाव उपासाला. चातुर्मासात कांदा-लसणाशिवायचं मंचुरियन मागायला येतात काही जणी! ताईंनी आलं, हिरवी मिरची आणि सांबार घालून तेही बसवलंय. बरं लागतं. नेल्सन वांग यांनी चाखलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेचं पहिलं दहा हजारांचं कर्ज एका ताईंनी घेतलं आणि फेडलंही. २०२५ मध्ये ती रक्कम पंधरा हजार झाली. ज्यांना गाडी टाकायची असेल त्यांनी नगरपालिकेत जाऊन फेरीवाल्यांच्या यादीत आपलं नाव आहे का ते आधी बघावं. बायका गाडीवर राबतात आणि यादीत नाव नवऱ्याचं असतं, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. नाव स्वतःचं लावून घ्या. हे मी जरा जोर देऊन सांगते.

घरी करून बघायचं असेल त्यांच्यासाठी ताईंची एक युक्ती सांगून ठेवते. पत्ताकोबी किसला की त्याला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. ते पाणी फेकू नका, रश्श्यात घाला. पिळलेल्या कोबीत पीठ कमी लागतं, गोळा आतून पिठूळ होत नाही. कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवूनच रश्श्यात सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. आणि सोया सॉस अगदी शेवटी, मीठ चाखल्यावर. तो स्वतःच खारट असतो. ठेचा करणाऱ्या आपल्यासारखीला शेजवान चटणी शिकवायची गरज नाही, फक्त व्हिनेगर एक चमचा.

सध्या तिघींचं भांडण चालू आहे ते मोमोवरून. कॉलेजच्या मुली रोज विचारतात, ‘मावशी, मोमो कधी?’ धाकट्या वहिनी म्हणतात, ठेवू. मोठ्या ताई म्हणतात, ‘उकडलेलं काय खाता व, मोदक आहे काय तो?’ गेल्या बैठकीत यावर मत घेतलं तर बरोबर निम्मी-निम्मी पडली. माझ्यावर निकाल सोपवलाय. मी म्हटलंय, आधी मला दोन प्लेट करून खाऊ घाला, मग सांगते.